बॉक्सर जातीचा कुत्रा खेळताना कोसळून लगेच उठला, ईसीजी नॉर्मल आला. आणखी तपासणी हवी का?

हो, नक्की हवी: २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठोके सलग नोंदवणारं छोटं यंत्र) लावून घ्या. बॉक्सरमध्ये हृदयाच्या उजव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) स्नायूची जागा हळूहळू चरबी घेते आणि ठोके बिघडतात. हा आजार आनुवंशिक आहे. दवाखान्यातला ईसीजी काही मिनिटांचाच, त्यात हे सहज निसटतं. दिवसभरात १०० हून अधिक जादा ठोके दिसले तर संशय बळावतो. सोटालॉलसारख्या गोळ्यांनी ते बरेचदा आटोक्यात येतात, पण त्या डॉक्टरांनी ठरवल्यावरच. मात्र एक होल्टर स्वच्छ आलं म्हणून निर्धास्त राहू नका, दरवर्षी पुन्हा करा. तोवर उन्हात पळवणं बंद. आणि भूल द्यायची वेळ आली तर एसेप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. काही बॉक्सरांचा रक्तदाब त्यानं धोकादायकरीत्या उतरतो.