रशियन मातृभाषा असलेल्या व्यक्तीने परीक्षेसाठी वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत?

तुम्ही लिहिलंय की पत्नी रशियन आहेत, शिक्षण सगळं रशियनमधून झालंय, आता पुण्यात राहून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चाललीय, आणि शब्दांच्या याद्या पाठ करूनही लेखनातले गुण साडेसहावर अडकलेत.

याद्या आधी बाजूला ठेवायला सांगा. मी रशियातल्या कझानला सहा वर्षं डॉक्टरकी शिकले. माझी रूममेट रशियन होती आणि तिची वही अशीच होती: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रशियन अर्थ, पानंच्या पानं. एकदा जानेवारीत चहा ठेवता ठेवता ती इंग्रजीत म्हणाली, "आजीला इन्सल्ट झालाय." मी विचारलं, कोणी केला? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आजीला पक्षाघाताचा झटका आला होता, आणि रशियनमध्ये त्याला 'इन्सुल्त' म्हणतात. त्या संध्याकाळी मला कळलं की तिचा घोटाळा अनोळखी शब्दांनी होत नव्हता, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी होत होता.

म्हणून वहिनींनी पहिली वेगळी वही या फसव्या जोड्यांची करावी. 'आक्कुरात्नी' म्हणजे नीटनेटका, इंग्रजी ॲक्युरेट म्हणजे अचूक. 'अंगीना' म्हणजे घशातल्या गाठी सुजणं, इंग्रजीत अंजायना हे हृदयाचं दुखणं. 'कंत्रोलीरवत' म्हणजे बऱ्याचदा नुसतं तपासणं, इंग्रजी कंट्रोल म्हणजे ताबा ठेवणं. आणि निबंधात हमखास येणारा 'आक्तुआल्नी': रशियनमध्ये तो आजच्या काळात महत्त्वाचा या अर्थाने येतो, म्हणून रशियन विद्यार्थी 'ॲक्च्युअल प्रॉब्लेम' लिहितात, पण इंग्रजी ॲक्च्युअल म्हणजे प्रत्यक्षातला. तिथे टॉपिकल किंवा प्रेसिंग हवं.

आता याची दुसरी बाजू, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. रशियनमधले कितीतरी विचारवाचक शब्द लॅटिन-फ्रेंच शब्दांचे तुकडे करून, एकेक तुकडा भाषांतरित करून घडवलेले आहेत. कॉन्ट्राडिक्ट घ्या: कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध, डिक्ट म्हणजे बोलणं. रशियन शब्द 'प्रोतिवरेचित': 'प्रोतिव' विरुद्ध, 'रेच' बोलणं. प्रेडिक्टला 'प्रेद्स्कझात', म्हणजे आधी सांगणं. इम्प्रेशनला 'व्पेचत्लेनिये', आणि त्यात 'पेचात' आहे, म्हणजे शिक्का. आपण छाप पडली म्हणतो, अगदी तेच चित्र. माझ्या रूममेटने हे एकदा पाहिलं आणि नंतर प्रत्येक लांब शब्द ती आधी फोडायची, मग रशियनमध्ये त्याचा जुळा भाऊ शोधायची. पाठांतर निम्म्यावर आलं. केंब्रिजच्या सी१ ॲडव्हान्स्ड परीक्षेत तर मूळ शब्दापासून नवा शब्द घडवण्याच्या ८ रिकाम्या जागाच असतात, तिथे ही सवय थेट कामाला येते.

भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक इंग्रजीतल्या ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. ती मिळवा. त्यातले थिअरी, फॅक्टर, स्ट्रक्चर, प्रोसेस यांसारखे शब्द वहिनींना रशियनमुळे आधीच माहीत आहेत. ते खोडून टाका आणि उरलेल्यांवरच वेळ घाला.

शब्द सुटा कधीच लिहू नये, त्याच्या सोबत्यासकट लिहावा. रशियनमध्ये पाऊस 'जोरकस' असतो, इंग्रजीत 'हेवी'. निर्णय रशियनमध्ये 'स्वीकारतात', इंग्रजीत 'मेक' करतात. आयईएलटीएसच्या लेखनात आणि बोलण्यात शब्दसंपत्तीला प्रत्येकी २५ टक्के वजन आहे, आणि वरच्या बँडसाठी, म्हणजे गुणांच्या वरच्या पातळीसाठी, परीक्षक शब्दांच्या या जोड्या जुळतात का ते बघतात. दुर्मीळ शब्द चुकीच्या शेजाऱ्याजवळ बसवला तर उलट त्रासच होतो. दिवसाला पाच-सहा शब्द पुरेत, पण प्रत्येकाचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य हवंच. उजळणीला अँकी हे कार्डांचं ॲप वापरा, कार्डावर मात्र रशियन अर्थाऐवजी गाळलेल्या जागेचं वाक्य घाला.

एक गोष्ट तुम्हा दोघांसाठी. 'स्दवात एग्झामिन' म्हणजे परीक्षेला बसणं, 'स्दात' म्हणजे उत्तीर्ण होणं. दोन्हींत 'देणे' हा धातू आहे. त्यामुळे माझी मैत्रीण परीक्षेला बसली की 'पास्ड' म्हणायची, आणि मी 'गेव्ह' म्हणायचे, कारण आपणही परीक्षा देतोच. इंग्रजीत दोन्ही चूक, तिथे 'टेक' हवं. घरात एकमेकांना टोकत राहा, फार लवकर सुधारतं.

आणि माहेरी जाऊन परीक्षा देऊ असा विचार असेल तर तो सोडा. २०२२ च्या मार्चमध्ये रशियात आयईएलटीएस थांबवली गेली. माझी मैत्रीण त्यानंतर कझाकस्तानातल्या अल्माटीला जाऊन देऊन आली. वहिनींचा तो प्रवास पुण्यात वाचेल.