वसाहतीतल्या उताराच्या गल्लीत रात्रभर गाडी लावायची, तर चाकं कुठे वळवावीत?

गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवा. चढाकडे असेल तर उलट, रस्त्याकडे. हँडब्रेक सैल पडून गाडी घरंगळलीच, तर टायर फुटपाथच्या कडेला अडतो. गल्लीत मुलं खेळतात, म्हणून उतार सौम्य असला तरी हे कराच. मात्र फुटपाथ उंच नसेल किंवा नसेलच, तर दोन्ही वेळा चाकं रस्त्याच्या कडेकडेच वळवा, म्हणजे गाडी निदान रहदारीत शिरणार नाही. गिअरही घाला: चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवर पाय ठेवून आधी हँडब्रेक, मग ‘पार्क’. नाहीतर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खिट्टीवर येतं.