भांग रुंद होत चाललाय, काय करू?

मागच्या अंकात केसांवर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा पाऊसच पडला. त्यात सगळ्यात जास्त पत्रं बारीक आणि विरळ होत चाललेल्या केसांची, म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतेय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ३६ वर्षांची, सांगलीची, शाळेत शिकवते. माझे केस लहानपणापासूनच बारीक, आई म्हणायची उंदराच्या शेपटीएवढी वेणी आहे हिची. पण गेल्या दोनेक वर्षांत भांगातून टाळू दिसायला लागलीय, वर्गात ट्यूबलाइटखाली उभी राहिले की पोरी माझ्या डोक्याकडेच बघतायत असं वाटत राहतं. नणंद म्हणते कांद्याचा रस लाव, शेजारच्या काकू म्हणतात एकदा सगळे काढून टाक मग दाट येतील, पार्लरवाली म्हणते केराटिन करून घे. आतापर्यंत चार तेलं वापरून झाली. खरंच काय करू?

उत्तर : आधी पाचवं तेल घेऊ नका. बाकीचं सावकाश बघू.

काकूंचं ऐकून डोकं भादरू नका. केस किती जाड येणार ते त्वचेच्या आत, मुळाशी ठरतं, वरून कापून ते बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून वाढताना हाताला राठ लागतं आणि दाट आल्यासारखं वाटतं, बस. कांद्याच्या रसावर २००२ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता पण तो चाई पडलेल्या लोकांवर, म्हणजे जिथे गोल चकंदळं पडून केस जातात त्यावर, तुमचा प्रकार तो नाही. आणि केराटिन तर तुम्ही मुळीच करू नका, कारण त्याने केस सरळ आणि चापट बसतात, आधीच बारीक असलेला केस चापट बसला की टाळू आणखी उघडी पडणार, पैसे देऊन हे कशाला करायचं.

आता तुमच्याबाबतीत काय होत असावं. कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी आणि भांग मात्र मधोमध रुंद, असं असेल तर हा बायकांमधला आनुवंशिक प्रकार असण्याची शक्यता जास्त. लुडविग नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या, आजही आम्ही डॉक्टर त्याच वापरतो. यात केस भसाभस गळत नाहीत, प्रत्येक नव्या फेरीत तोच केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, म्हणून कंगव्यात फारसं काही दिसत नाही आणि डोकं मात्र विरळ होत जातं. हे आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं, त्यामुळे "आमच्या माहेरी सगळ्यांचे गुडघ्यापर्यंत" हे सांगून उपयोग नाही, आजोबांचा फोटो बघा. पुरुषांसारखं गुळगुळीत टक्कल मात्र बायकांना सहसा पडत नाही, एवढं मनात ठेवा.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, गळलेले केस मोजत बसू नका, भांग बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं नॉर्मल आहे, ते मोरीच्या जाळीवर एकत्र दिसले की काळजात धस्स होतं एवढंच. त्यापेक्षा केस धुऊन वाळले की खिडकीजवळ त्याच जागी, त्याच उजेडात, मधोमध भांग पाडून वरून कुणाकडून तरी फोटो काढून घ्या, दर तीन महिन्यांनी एक, आणि शेजारी ठेवून बघा. आरशात रोज बघून काही कळत नाही, फोटोत कळतं, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा हेच फोटो सगळ्यात कामाला येतात.

त्याबरोबर रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन बी१२ आणि डी. यात फेरिटिन मुद्दाम सांगतेय कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि मग "माझं रक्त तर बारा आहे" म्हणून तो विषयच बंद होतो. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर आधी तिकडे बघा, नुसत्या गोळ्या खाऊन गळक्या बादलीत पाणी भरायचं काय कामाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या, तेव्हा "मला कुठे काय झालंय" असं कुणीच धरून चालू नये. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, या वयात पिंपल्स, यातलं काही असेल तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाचीही तपासणी करा.

खाण्यातलं एकच बोलते, नाहीतर हे पत्र संपायचं नाही. केस प्रोटीनचे बनतात आणि आपल्याकडे सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण असं करत बाई साबुदाण्यावर राहते, साबुदाण्यात नुसता स्टार्च. उपास जरूर करा पण ताक, दही, दूध, शेंगदाणे ताटात येऊ द्या. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा.

उपचार काय ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील, बहुतेक वेळा मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध सुचवतात, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात आहेच. पण वर्गात उभं राहायचंय ते उद्या सकाळी, सहा महिन्यांनी नाही, म्हणून हे करा. लांबी कमी करा, खांद्याच्या जरा वर, खाली सरळ एकसारखा कट. पार्लरमध्ये लेयर्स करूया म्हणतील, नको म्हणा, लेयर्सने बारीक केसांची टोकं आणखी विरळ दिसतात. भांग मधून काढून बाजूला घ्या आणि सरळ रेषेऐवजी नागमोडी पाडा. केसांच्या रंगाची बारीक पूड मिळते, हेअर फायबर म्हणतात, ती भांगावर भुरभुरली की टाळू दिसत नाही, शॅम्पूने निघून जाते आणि मुळांना काही करत नाही. हे लावण्यात कसली फसवणूक, आपण काजळ लावतोच की.

प्रश्न : मी ठाण्याची, वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं, महिनाभर लावलं तर केस दुप्पट गळायला लागले, घाबरून बंद केलं. मैत्रीण म्हणते ते एकदा सुरू केलं की आयुष्यभर अडकलो. खरं का?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हव्या होत्या.

मिनॉक्सिडिल मुळात बीपीची गोळी, ती घेणाऱ्यांना नको तिथे केस यायला लागले म्हणून त्याचं डोक्याला लावायचं औषध झालं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जे केस आधीच विश्रांतीच्या अवस्थेत होते ते लवकर सुटतात कारण खालून नवीन केस वाढीला लागलेला असतो. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही सोडलं तो महिना फक्त काढायला हवा होता. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यात कुणाचंच काही चालत नाही. आणि हो, बंद केलं तर काही महिन्यांत डोकं पूर्वीसारखं होतं. पण चष्म्याचं तरी वेगळं काय आहे?

लावायची पद्धत चुकते म्हणून नीट सांगते. टाळू कोरडी हवी. भांग पाडायचा, ड्रॉपरने भांगावरच थेंब सोडायचे, बोटाने पसरायचं, मग बोटभर बाजूला दुसरा भांग, मग तिसरा. पुष्कळ जणी केसांवर ओततात, केसांना प्यायला देऊन काय होणार, औषध कातडीत जायला हवं. नंतर हात साबणाने धुवायचे आणि झोपायच्या आधी पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर ते उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि गालावर लव येते. ताकद आणि वेळ डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, जास्त लावून लवकर येत नाहीत. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना आठवणीने सांगा. धाकट्या वाचकांसाठी, दिवस राहिले असतील, राहण्याचं ठरवत असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे लावायचं नाही.

आणि घरात मांजर असेल तर फार जपा, मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे, थोडंसं चाटलं तरी जीवावर बेततं. डोक्याशी झोपणारी मांजर असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरा पर्याय बघा.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. बाळ चार महिन्यांचं आहे, हात फिरवला तरी केसांचे पुंजके हातात येतात. सासूबाई म्हणतात केस धुऊच नको, त्यानेच जातात.

उत्तर : बाळ-बाळंतिणीला आशीर्वाद. गरोदरपणात हार्मोन्समुळे गळायचे केस गळत नाहीत, थांबून राहतात, म्हणून तेव्हा वेणी जाड वाटते. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी ते सगळे एकदम सुटतात. बहुतेकींचं बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत परत जागेवर येतं. डेंगी, टायफॉइड, ऑपरेशन किंवा एकदम वजन उतरवलं तरी दोन-तीन महिन्यांनी असंच होतं. सासूबाईंना सांगा की सुटलेला केस सुटलेलाच असतो, न धुता ठेवले तर आठवड्याचे सगळे एकाच दिवशी दिसतात आणि तुम्ही दोघी घाबरता. हळिवाचे लाडू मात्र त्यांनी केले असतील तर खा, लोह भरपूर असतं. फार थकवा, छातीत धडधड असेल तर थायरॉइड तपासा, बाळंतपणानंतर ते बिघडू शकतं.

एक वेगळी गोष्ट, बाळाचे मोजे रोज उलटे करून झटका. आईचा गळलेला लांब केस कधीकधी बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळतो आणि करकचून आवळला जातो, बोट लाल होऊन सुजतं, बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. असं दिसलं आणि केस सहज निघत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : संभाजीनगरला आलो तेव्हापासून बोअरचं पाणी. केस काथ्यासारखे झालेत आणि गळतायत. तेल कधी लावू, रोज धुऊ का?

उत्तर : एक गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळापासून आलाय, नसेल तर मधेच तुटलाय. बोअरच्या क्षारांनी केस राठ होतात, गुंततात, तुटतात, पण मुळं मरत नाहीत. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या. बारीक केस लवकर तेलकट होऊन चिकटतात, त्यामुळे दिवसाआड धुतलं तरी चालतं, शॅम्पू टाळूला आणि कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला. खोबरेल धुण्याआधी तासभर, लांबीला, थोडंसंच. खोबरेलाने केसातलं प्रोटीन कमी वाहून जातं असं मुंबईत झालेल्या २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं (एका तेल कंपनीच्याच संशोधकांचा अभ्यास, पण तर्क पटण्यासारखा आहे). तेलाने नवीन केस मात्र येत नाहीत. कोंडा असेल तर टाळूला तेल चोपडणं बंदच, त्यातली बुरशी त्यावरच पोसते.

प्रश्न : मी २० वर्षांची, रत्नागिरी. इन्स्टावर बघून बायोटिनच्या गमी घेतेय, कानशिलाजवळचे केस तरी पण कमी होतायत.

उत्तर : बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, नीट जेवणाऱ्या मुलीला गमीने गोड खाल्ल्यापलीकडे काही मिळत नाही. वर जास्त बायोटिनने रक्ताचे रिपोर्ट चुकतात, थायरॉइड नसताना असल्यासारखं दिसू शकतं, म्हणून टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेव आणि लॅबमध्ये सांग. आता मला सांग, रोज घट्ट हाय पोनी बांधतेस ना? कानशिलावरचे केस बहुतेक वेळा ओढल्यानेच जातात. पोनी खाली आणि सैल बांध, कापडी रबर घे, झोपताना मोकळे सोड किंवा सैल वेणी घाल. आत्ता थांबलीस तर परत येतील, वर्षानुवर्षं ओढलेलं मूळ मात्र कायमचं बंद पडतं, तेव्हा दोन-तीन महिन्यांत फरक नाही दिसला तर रत्नागिरीतच एखाद्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवून घे.