सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी फोडली किंवा चोरीला गेली, तर भरपाई कोणी द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, लावलेल्या कारचे दोन्ही आरसे रात्रीत कोणीतरी तोडले, दारांवर चरे ओढले आणि त्याच आठवड्यात बाजूच्या विंगमधली एक मोटरसायकल गेली. सोसायटी दरमहा पार्किंगचे पैसे घेते, गेटवर वॉचमन आहे, तरी सेक्रेटरी ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत’ या पाटीकडे बोट दाखवतात. मग सोसायटी जबाबदार नाही का?

केवळ पार्किंगचे पैसे घेतले म्हणून सोसायटी जबाबदार ठरत नाही. पण सोसायटीने किंवा तिच्या सुरक्षारक्षकाने पत्करलेलं एखादं नेमकं काम केलं नाही आणि त्यामुळेच हे घडलं, असं कागदावर दाखवता आलं, तर जबाबदारी येऊ शकते. आणि ती पाटी सेक्रेटरींना वाटते तेवढी भक्कम नाही.

सगळा वाद एका मुद्द्यावर फिरतो: गाडीचा ताबा कोणाकडे होता? भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कलम 148 पासून निक्षेपाची, म्हणजे बेलमेंटची तरतूद आहे. आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर कलम 151 नुसार त्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी जपायची असते. सर्वोच्च न्यायालयाने 14 नोव्हेंबर 2019 रोजी ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात हेच तत्त्व लावलं. पाहुण्याने गाडी आणि चावी व्हॅलेकडे, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे, दिली होती, गाडी गेली. पार्किंगच्या टॅगवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं, तरी पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने सिद्ध करायचं, आणि स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील वाक्यामागे लपवता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सोसायट्यांच्या वादात लोक हा निकाल हमखास पुढे करतात, पण तो जसाच्या तसा लागू होत नाही. तुम्ही गाडी स्वतः लावता, लॉक करता, चावी खिशात घालून वर जाता. ताबा तुम्ही सोडलेलाच नसतो. सोसायटीने दिलेली असते ती फक्त जागा वापरायची मुभा.

चावी सोसायटीच्या माणसाकडे गेली की चित्र पालटतं. स्टॅक किंवा पझल पार्किंगमध्ये, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली किंवा बाजूला सरकवायच्या पार्किंगमध्ये, ऑपरेटर गाडी हलवतो, डबल पार्किंगमुळे चाव्या केबिनमधल्या बोर्डावर टांगलेल्या असतात, अशा ठिकाणी निक्षेपाचा दावा खरोखर उभा राहतो. चावी दिल्याची नोंद मात्र हवी. साधी वही चालेल, वेळ आणि सही असली म्हणजे झालं. गाडी धुणाऱ्या मुलाला तुम्ही परस्पर नेमलं असेल आणि चावी त्याच्याकडे असेल, तर त्याच्या चुकीचं खापर सोसायटीवर फोडता येणार नाही.

तुमच्या बाबतीत चावी दिलेली नव्हती, त्यामुळे वाट एकच उरते: निष्काळजीपणा. इथे ‘सुरक्षा ढिसाळ आहे’ हे वाक्य कामाचं नाही. सोसायटीने काय पत्करलं होतं आणि त्यातलं काय केलं नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी कागद मागा: सुरक्षा एजन्सीबरोबरचा करार आणि त्यातली कामांची यादी, त्या रात्रीचं हजेरीपत्रक, गेटचं रजिस्टर, सीसीटीव्हीच्या देखभालीची बिलं, आणि पार्किंग किंवा सुरक्षेबद्दल सर्वसाधारण सभेत झालेले ठराव. करारात रात्री दोन रक्षक लिहिलेत आणि हजेरी एकाचीच आहे. स्टिकर नसलेली गाडी अडवायची असा ठराव आहे आणि रजिस्टरमध्ये नोंदच नाही. पार्किंगमधला कॅमेरा चार महिने बंद असून तीन सभासदांनी लेखी कळवलं होतं. अशा एका कागदाचं वजन दहा तक्रारींपेक्षा जास्त असतं. याउलट सगळं नियमाप्रमाणे चालू असताना कोणी भिंतीवरून उडी मारून आरसे तोडून गेला, तर सोसायटीवर बोजा टाकणं कठीण आहे, आणि मला ते योग्यही वाटत नाही.

शेवटी सोसायटी म्हणजे सगळे सभासदच. भरपाई निघते ती सर्वांच्या मेंटेनन्समधून. इमारतीचा विमा साधारणपणे इमारत आणि सामाईक मालमत्तेचा असतो. सभासदांच्या गाड्या त्यात येत नाहीत. म्हणून समिती मनात आलं तरी सहज पैसे देऊ शकत नाही, सभेचा ठराव लागतो. एजन्सीच्या रक्षकाची चूक असेल, तर करार सोसायटीचा असल्याने सोसायटीला एजन्सीच्या बिलातून वसुली करायला सांगणं हा सर्वांना पटणारा मार्ग आहे. मात्र आधी करारातलं नुकसानभरपाईचं कलम वाचा, त्यात बऱ्याचदा कमाल मर्यादा घातलेली असते.

हे सगळं नंतरचं. आधी पुरावा वाचवा. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची, हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर आठवडाभरातही. म्हणून त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या: अमुक तारीख, अमुक वेळ ते अमुक वेळ, अमुक कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जपून ठेवावं. पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. मोबाईलने पडद्याचा व्हिडिओ काढणं पुरेसं नाही. मूळ फाईल पेनड्राइव्हवर काढून घ्या. कोर्टात लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा, लिहावी लागते, तेव्हा ती कॉपी करतानाच नोंदवून ठेवा. गाडी हलवण्यापूर्वी तिचे फोटो काढा, एक तरी फोटो खांबावरचा पार्किंग क्रमांक दिसेल असा.

पोलिसांकडे जाताना दुरुस्तीचा लेखी अंदाज सोबत न्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये आगळिकीची, म्हणजे मुद्दाम मालमत्तेचं नुकसान करण्याची, शिक्षा नुकसानीच्या रकमेवर ठरते: 20,000 रुपये ते 1 लाखाच्या आत नुकसान असेल तर 2 वर्षांपर्यंत, 1 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 5 वर्षांपर्यंत कैद. अंदाज नसेल तर आकडा कमी लिहिला जातो आणि प्रकरण तिथेच हलकं होतं. किरकोळ नुकसानीत बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते. एनसीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, पण विम्यासाठी आणि सोसायटीशी पत्रव्यवहारासाठी ती लागतेच. चोरी मात्र दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना आदेशाशिवाय तपास करता येतो. मोटरसायकलवाल्या सभासदाने एफआयआरच घ्यावा, साध्या अर्जावर पोच घेऊन परत येऊ नये. ठाण्यात नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते आणि तरीही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

आता विमा. खरे पैसे बहुतेक वेळा इथूनच मिळतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरी आणि तोडफोड दोन्हींचे शून्य रुपये. पॅकेज (थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही) किंवा स्वतंत्र ओन डॅमेज (फक्त स्वतःच्या गाडीचं नुकसान) पॉलिसीत चोरी आणि हेतुपुरस्सर केलेलं नुकसान दोन्ही येतात. एक खाच लक्षात ठेवा: फक्त टायर फाडले आणि बाकी गाडीला काही झालं नाही, तर प्रमाणित पॉलिसीत ते नुकसान मिळत नाही.

तुमच्या आरशांसाठी क्लेम करावा का, हे आधी कागदावर मांडा. सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच सोसायची रक्कम, 1500 सीसीपर्यंत 1,000 आणि त्यावर 2,000 रुपये. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. समजा बोनस वजा करण्याआधी ओन डॅमेजचा हप्ता 12,000 रुपये आहे आणि तुम्ही 50 टक्के बोनसवर आहात. एका क्लेमने बोनस शून्यावर येतो आणि पुढे 20, 25, 35, 45 असा चढत जातो. हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांत मिळून 6,000, 3,600, 3,000, 1,800 आणि 600, म्हणजे 15,000 रुपये जादा जातात. नऊ-दहा हजारांच्या दुरुस्तीसाठी क्लेम करणं हा सरळ तोटा आहे. बोनस जपणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गणित बदलतं. चरे आणि आरसे वेगवेगळ्या दिवशीचे आहेत असं सर्वेक्षकाला दिसलं तर दोन क्लेम धरले जातात, म्हणून जुने चरे यात मिसळू नका.

चोरीच्या क्लेममध्ये रक्कम आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या विमा किमतीवर, ठरते. कंपनी दोन्ही चाव्या, मूळ आरसी, गाडीची मालकी हस्तांतरित करण्यासाठीचे सही केलेले फॉर्म 28, 29, 30 आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म 35 मागते. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा, अहवाल न्यायालयाने स्वीकारेपर्यंत पैसे सहसा अडकतात, त्याचा पाठपुरावा स्वतःच करावा लागतो. कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारला तर घाबरू नका. एफआयआर लगेच केला असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ त्या उशिरावरून क्लेम नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. दुसरी चावी हरवली असेल तर ते आधीच लेखी सांगा. ती गाडीतच राहिली होती असा संशय आला की रक्कम कापली जाते.

विम्यातून न मिळालेली रक्कम, म्हणजे वजावट, घसारा वगैरे, सोसायटीकडे मागायची असेल तर आधी समितीला कागदांसह पत्र द्या आणि विषय सभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावा. नकार आला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालय, किंवा सेवेतल्या त्रुटीसाठी 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगात ‘सोसायटी ही सेवा देणारी संस्था आहे का’ हाच पहिला वाद होतो, तेव्हा पार्किंग शुल्काच्या पावत्या आणि सुरक्षेसाठी वेगळी आकारणी दाखवणारी मेंटेनन्सची बिलं जोडा. आठ हजारांच्या आरशांसाठी मी कोर्टाची पायरी सुचवणार नाही. गेलेल्या गाडीसाठी, हातात हजेरीपत्रकासारखा पुरावा असेल तर, जरूर जा.

पुढच्या सभेत ठराव मांडणार असाल तर त्यात ‘सुरक्षा वाढवावी’ असं लिहू नका. कॅमेऱ्याचं चित्रीकरण किमान 30 दिवस राहील एवढी डिस्क, बंद कॅमेरा किती तासांत दुरुस्त करायचा, रात्री पार्किंगची फेरी दर किती वेळाने मारायची आणि ती कोणत्या वहीत लिहायची, केबिनमधल्या चाव्या कोण सांभाळणार, आणि एजन्सीच्या करारात भरपाईचं कलम काय असेल, हे आकड्यांनिशी लिहा.