चेहऱ्याचा रंग: फासलेला, माखलेला की रेखलेला?

प्रश्न असा आहे: शिकारी, सैनिक, नट, निरनिराळ्या जमातींचे लोक, सगळेच चेहऱ्याला रंग लावतात. या सगळ्याला मराठीत 'रंगभूषा' म्हणता येईल का?

मला वाटते, नाही. 'भूषा' म्हणजे सजणे, नजरेत भरणे. झुडपाआड दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला नेमके उलटे हवे असते. कपाळ, नाक, गालांचे उंचवटे उजेड पकडतात, घामाने चकाकतात. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावली असते. या उजेड-सावलीवरूनच तर दुरून माणसाचा चेहरा ओळखू येतो. म्हणून उंचवट्यांवर गडद रंग, खोलगट जागी फिका, आणि वर वेडेवाकडे पट्टे. चेहऱ्याची ठेवणच मोडायची. यासाठी आपल्याकडे चपखल क्रियापद आहे: फासणे. राख फासतात, काळे फासतात. असलेले रूप झाकणे किंवा बिघडवणे हाच त्यातला भाव. नाम हवे असेल तर 'कॅमोफ्लाज'साठी, म्हणजे भोवतालात मिसळून लपण्यासाठी, 'मायावरण' घ्यावे. 'कॅमोफ्लाज' हा मूळ फ्रेंच शब्द पहिल्या महायुद्धात सर्वत्र रुळला.

खुणेसाठी लावलेल्या रंगाला मात्र 'फासणे' म्हटले की कानाला खटकते. आफ्रिकेतल्या नायजर देशातले वोडाबे जमातीचे तरुण गेरेवोल उत्सवात ओठ काळे करतात, ते दात अधिक शुभ्र दिसावेत म्हणून. नाक लांब भासावे म्हणून त्यावर उभी फिकी रेघ ओढतात. शिकाऱ्याचा काळा रंग लपवतो, यांचा काळा दाखवतो. जपानच्या काबुकी नाट्यातल्या 'कुमादोरी'त तांबड्या रेषा शौर्याच्या, निळ्या दुष्टपणाच्या. हे सारे 'रेखणे' आहे, कारण इथे रेघ वाचायची असते. संस्कृतात गालांवर काढलेल्या वेलबुट्टीला 'पत्रलेखा' म्हणत आणि कपाळावरच्या खुणेला 'विशेषक', म्हणजे वेगळेपण दाखवणारे. हा दुसरा शब्द मला फार आवडतो. तो मराठीत पुन्हा वापरात यायला हवा.

युद्धाच्या रंगापाशी माझी ही विभागणी डळमळते. ब्रिटनचे लोक अंगाला निळा रंग लावतात आणि त्यामुळे लढाईत अधिक भयंकर दिसतात, असे रोमन सेनापती ज्युलियस सीझरने नोंदवले आहे. उत्तरेकडच्या 'पिक्ट' लोकांचे नावही लॅटिनमधल्या 'रंगवलेले' या अर्थाच्या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. यात लपणे नाही, बारीक रेखणेही नाही. इथे मी 'माखणे' म्हणेन.

'रंगभूषा' मग नटासाठीच राखून ठेवावा.

आणि एक. 'फेस पेंटिंग'साठी 'तोंड रंगवणे' लिहू नये. मराठीत तोंड किंवा थोबाड रंगवणे म्हणजे गाल लाल होईपर्यंत मारणे. मुलांच्या कार्यक्रमाच्या सूचनेत 'चेहरे रंगवणे' असेच लिहावे.