गटाची वही

प्रिय पोरी,

आजऱ्याच्या भातशेतकऱ्यांच्या गटाबरोबर, त्यांच्याच रानात नवी वाणं आणि पद्धती पारखायचं तुझं काम सुरू होतंय, म्हणून हे पत्र.

पहिल्याच बैठकीत वाणांची यादी काढू नकोस. आधी विचार, घनसाळ हे तिथलं वासाचं भात का लावता आणि कुठं अडतं. हे उंच वाढणारं भात, युरिया जरा जास्त झाला की लोळतं. उतारा सुधारित वाणांपेक्षा कमी. तरी त्याचा वास आणि दर सोडायला माणसं तयार नसतात. २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. शिवाय वैरणीचा प्रश्न. दारात म्हैस असलेल्या घराला बुटकं वाण परवडेलच असं नाही, आणि हे बैठकीत बसल्याशिवाय कळत नाही.

प्रयोग दोन-तीन गुंठ्यांवरच करायला लाव. एकरभर रान असलेल्याला वर्षाचं भात पणाला लाव म्हणायचा आपल्याला हक्क नाही. मात्र शेजारी, त्याच वावरात, नेहमीच्या पद्धतीची तेवढीच पट्टी हवीच. ती नसली की चांगल्या पावसाचं श्रेय नव्या वाणाला जातं. कापणीला बांधालगतच्या ओळी सोड, त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. दोन्हीकडचं भात वेगळं मळून, सारखं वाळवून मगच काट्यावर घ्यायचं. वाळलं की नाही हे बायका दाणा दाताखाली धरून सांगतात, त्यांचं ऐक. पुढं उसाच्या गटात गेलीस तर तोडणीआधी मुकादमाला गाठ. दोन्ही पट्ट्यांचा ऊस एकाच ट्रॉलीत भरला, की कारखान्याच्या वजनपावतीवरून काही कळत नाही.

उतारा वाढला म्हणजे पैसा वाढला असं मात्र धरू नकोस. चारसूत्री या भातलावणीच्या पद्धतीत चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध युरिया-डीएपी खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, हातानं खोचतात. खत वाया जात नाही, हे खरं. पण चिखलात वाकून हे करते घरची बाई, आणि हिशेबात तिची मजुरी शून्य! मला हे कधीच पटलेलं नाही. तू ती मजुरी लिहीच, मग नफा कमी दिसला तरी चालेल.

शेतीशाळा म्हणजे शेतकऱ्यांनी गटानं, रानातच करून बघत शिकायचं. केनिया, टांझानिया आणि युगांडातल्या अशा शेतीशाळांवरचा २०१२ सालचा अभ्यास मिळव. तिन्ही देश मिळून सहभागी शेतकऱ्यांच्या उत्पन्नात ६१ टक्के वाढ दिसली. बायकांना आणि कमी शिकलेल्यांना विशेष फायदा झाला. पण देशादेशांत फरक होता, तेव्हा तो आकडा आजऱ्यात कुणाला कबूल करू नकोस. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की बायका गटात हव्यात. मग बैठक धारांच्या वेळेला ठेवून कसं चालेल?

या सगळ्या नोंदींची वही गटातल्याच कुणाकडे दे. फसलेली पट्टीही तिच्यात आली पाहिजे, खर्चासकट. पुढच्या खरिपाआधी ती वही आणि चार शेतकरी घेऊन कोल्हापुरातल्या शेंडा पार्कच्या कृषी संशोधन केंद्रात जा, आणि बोलायचं ते त्यांना बोलू दे.

अनेक आशीर्वाद.