रक्तवाहिन्या लवचिक असतात, मग रक्ताच्या प्रवाहासाठी पॉइसेलचं सूत्र पुरतं का?

पुरत नाही. ते कडक नळीतल्या संथ, एकसारख्या प्रवाहाचं सूत्र आहे. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की कळते: प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. त्रिज्या 20 टक्के घटली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह 41 टक्केच उरतो.

मी परभणीचा, म्हणून रानातलंच सांगतो. पाण्यानं भरलेल्या मऊ रबरी पाइपावर पाय दाबून पाहा. फुगवटा सरसर पुढे पळतो, पाणी स्वतः तेवढं पळत नाही. मनगटावर लागते ती नाडी अशीच लाट आहे. मोन्स आणि कोर्टेवेग या डच संशोधकांनी 1878 मध्ये तिचा वेग मांडला: वेगाचा वर्ग = Eh/(2ρr). E म्हणजे भिंतीचा ताठपणा, h जाडी, ρ रक्ताची घनता, r त्रिज्या. तरुणपणी महाधमनीत हा वेग सेकंदाला 5 मीटरच्या आसपास असतो, म्हातारपणी 10 च्या वर जातो. म्हणूनच धमन्या किती ताठरल्या हे डॉक्टर यावरून ओळखतात.

म्हणून रक्तप्रवाहाच्या गणिती प्रतिमानात दाब आणि प्रवाहासोबत नळीचं क्षेत्रफळही अज्ञात धरावं लागतं. वस्तुमान आणि संवेग यांची दोन समीकरणं होतात. तिसरं भिंतीचं: किती दाबाला किती फुगते. खरी मेहनत याच तिसऱ्यात आहे, आधी तेच नीट समजून घ्या.